आकड्यांचं भाषांतर

हाइल, बुधवार १८ जून २०२५

सफूरा,

‘प्रिय’ लिहायचं चुकून राहिलेलं नाही.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस म्हणून कागद घ्यावा लागला. हज संपल्यामुळे हाजींची ने-आण करणाऱ्या हुसेनमियाँची बस रिकामी आहे. ते परवा जेद्दाला निघतील आणि हे पाकीट तुझ्या हातात देतील. ते तुझ्याच दाभोळचे, तेव्हा ‘मिळालं नाही’ म्हणायची सोय तुला ठेवलेली नाही. या पत्राची नक्कल माझ्या वहीत राहणार आहे. उद्या तिसऱ्या कोणी वाचलं तरी त्याला सगळं कळलं पाहिजे, म्हणून तुला माहीत असलेल्या गोष्टीही लिहिते.

माझ्या दोन्ही किडन्या चार वर्षांपूर्वी निकामी झाल्या. चैतन्य, माझा नवरा, वजनकाटे तपासतो. सिमेंटचे कारखाने, गव्हाची कोठारं, खजुराचे बाजार, जिथे जिथे ट्रक चढवून तोलतात तिथे तो महिन्याचे पंचवीस दिवस फिरतो, कसीमपासून पार जौफपर्यंत. हॉस्पिटलातल्या मशीनवर जायचं तर आठवड्यातून तीन दिवस एका गावाला बांधून घ्यावं लागतं. ते मला नको होतं. म्हणून मी पोटाचं डायलिसिस घेतलं, आम्ही जुबैलचा फ्लॅट सोडला आणि एका जुन्या मिनीबसमध्ये पलंग, ओटा आणि छताला एक हुक बसवून घेतला. दिवसातून चार वेळा त्या हुकाला दोन लिटरची पिशवी टांगायची, औषधाचं पाणी नळीतून पोटात सोडायचं, काही तासांनी ते बाहेर काढून तोलायचं. आत घातलं त्यापेक्षा जेवढं जास्त बाहेर आलं, तेवढं अंगातलं नको असलेलं पाणी निघालं. दिवसाची ती बेरीज मी हॉस्पिटलच्या छापील तक्त्यात लिहायची आणि दर गुरुवारी फोटो काढून बुरैदाच्या हॉस्पिटलला पाठवायची. तो आकडा बघून नर्स पिशवी ठरवते. पिवळ्या टोपीची साधी, हिरव्या टोपीची कडक, नारिंगी सगळ्यात कडक. दोन वर्षं ती नर्स तू होतीस. फेब्रुवारीपासून सहर आहे.

गेल्या गुरुवारी दुपारी इथल्या एका कारखान्याच्या आवारात मला श्वास घेता येईना. चैतन्य काट्याखालच्या खड्ड्यात उतरला होता. हाक मारायला आवाज नव्हता, म्हणून मी हॉर्नवर हात ठेवून बसले. फुप्फुसात पाणी साचलं होतं. दोन दिवस तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता आणि त्या दोन दिवसांत त्यांनी अंगातून साडेचार किलो पाणी काढलं.

मुखवटा निघाल्यावर इथल्या डॉक्टरांनी बुरैदाहून मागवलेला कागद माझ्यासमोर धरला. एप्रिल, मे, जून. रोज सव्वानऊशे, साडेनऊशे मिलिलिटर पाणी निघाल्याची नोंद. माझ्या तक्त्यात शंभर आहे. एकशेवीस आहे. एकशेदहा आहे. डॉक्टर म्हणाले, “मॅडम, एवढं पाणी निघत असतं तर तुम्ही इथे आला नसतात. खोटे आकडे का पाठवलेत?”

मला कोणी हट्टी म्हटलं तर मी ऐकून घेते, कारण त्यात तथ्य असतं. खोटं आजवर कोणी म्हटलेलं नाही. मी अकरावीपासून रोज डायरी लिहिते, आणि एखाद्या दिवशीचं आठवलं नाही तर ‘आठवत नाही’ असं लिहिते.

आता माझं घरचं डायलिसिस बंद करून मला बुरैदात मशीनवर घ्यायचं घाटतं आहे. रुग्ण भरवशाचा नाही, असं कारण. पुढच्या महिन्यात हॉस्पिटलची समिती ठरवेल. तसं ठरलं तर माझी बस संपली.

तर मुद्दा असा. जानेवारीत तुझ्या टेबलावर माझी फाईल उघडी पडली होती. माझ्या एकेका आकड्याशेजारी तुझ्या पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं, दोन वर्षांच्या सगळ्या पानांवर. मी तक्रार केली की नर्स माझ्या नोंदींत फेरफार करते. चौकशीत तू सांगितलंस की तू भाषांतर करत होतीस. आकड्यांचं भाषांतर. त्यावर मी आणि चैतन्य आठवडाभर हसलो. तुला लेखी ताकीद मिळाली, तुझा करार वाढवला नाही, तू जेद्दाला गेलीस. जाण्याआधी सहरला काम समजावून द्यायला तुला तीन आठवडे दिले होते. त्या तीन आठवड्यांत तू तिला माझ्याबद्दल काय काय समजावलंस, एवढंच मला विचारायचं आहे. शंभराचे साडेनऊशे करायला ती कोणाकडे शिकली?

उत्तर लेखी दे. हुसेनमियाँ पुढच्या आठवड्यात परततील.

शर्मिला


बुरैदा, बुधवार २ जुलै २०२५

सफूरा,

हुसेनमियाँ आले. एक कप चहा घेतला, दुसरा घेतला, मग म्हणाले, “ती बोलली, जवाब नाय.” मी विचारलं, पत्र वाचलं तरी का? “वाचलान. उभ्यानंच वाचलान. मग मला बोलली, चाचा, तुम्ही हाजी लोकांना पोचवायचं सोडून असली पार्सलं कधीपासून पोचवायला लागलात?”

तुझ्या उत्तराची आता गरज उरलेली नाही. पण जे कळलं ते तुला कळवणं मला भाग आहे. न कळवता राहता येतं का, हे मी दोन दिवस पाहिलं. राहता येत नाही.

हॉस्पिटलचा तो कागद मी वीसदा वाचला होता, रागाने. सोमवारी चैतन्यने तो त्याच्या कामाच्या नजरेने वाचला. मग म्हणाला, “शर्मिला, तुझ्या काट्यावर पाच आहे का?”

पिशव्या तोलायचा काटा त्यानेच दिलेला आहे. त्यावर दहा-दहा ग्रॅमच्या रेघा आहेत, मध्ये काही नाही. मी म्हटलं, “नाही.”

“मग हे बघ. नऊशे पंचावन्न, नऊशे पंचवीस, नऊशे पंच्याण्णव, नऊशे पस्तीस. अडीच महिन्यांत एकही आकडा शून्यावर संपत नाही. तुझ्या काट्यावर असं वजन येऊच शकत नाही. आणि खोटं लिहिणारा माणूस इतकं एकसारखं लिहीत नाही. काटा बरोबर आहे. वाचणारा चुकला आहे.”

आम्ही माझा तक्ता आणि तो कागद शेजारी ठेवले. माझ्या शंभरासमोर सगळीकडे नऊशे पंचावन्न. एकशेवीससमोर नऊशे पंचवीस. एकशेदहासमोर नऊशे पंच्याण्णव. चैतन्यने खिडकीतून समोरच्या ट्रकच्या नंबरप्लेटकडे बोट केलं.

आपला एक अरबी वाचणाऱ्याला नऊ दिसतो. आपलं शून्य म्हणजे त्यांचं पाच. दोन आणि तीन जवळपास सारखेच. मी मराठी आकडे लिहीत होते आणि सहर ते अरबी समजून वाचत होती. सतरा वर्षं मी या देशात नंबरप्लेटा वाचते आहे. त्यांचे आकडे मला येतात. माझे आकडे त्यांना कसे दिसत असतील, हे सतरा वर्षांत एकदाही मनात आलं नाही.

मी सहरकडे गेले. ती आधी हसली, मग तिचं हसू गेलं. म्हणाली, “मला वाटलं, तुम्ही आमच्यासाठी म्हणून अरबीत लिहिता. मी सगळ्यांना दाखवायचे, बघा, ही हिंदुस्तानी बाई किती मन लावून आमचे आकडे काढते.” तू तिला काम समजावलंस तेव्हा माझी फाईल चौकशीत होती, म्हणून तिने तुझी पेन्सिल पाहिलीच नव्हती. मार्चमध्ये माझे आकडे चारशे, साडेपाचशे असे होते. ते तिला लागेनात, म्हणून तिने मला तीनदा फोन केला होता. तिसऱ्यांदा मी तिला म्हटलं होतं, “मकतूब. शूफी.” लिहिलंय, बघ. नंतर तिने विचारलं नाही. एप्रिलमध्ये पाणी शंभरावर घसरलं आणि तिला सगळं व्यवस्थित वाचता यायला लागलं.

आता एक गोष्ट, जी चैतन्यलाही कालपर्यंत माहीत नव्हती. शंभर हा आकडा वाईट आहे हे मला कळत होतं. कडक पिशवी लागणार हेही कळत होतं. हे सगळं तूच शिकवलेलं. दर गुरुवारी सहरचा निरोप यायचा, “मुमताज”, उत्तम. मी वहीत त्यापुढे प्रश्नचिन्ह काढायची आणि फोन ठेवून द्यायची. वजन चढत होतं. सहर म्हणाली, खजूर जास्त होतोय वाटतं. मी हसले. पोटॅशियमच्या भीतीने मी वर्षानुवर्षं खजूर तोंडात घातलेला नाही. घोटे सुजले तेव्हा चैतन्यला म्हटलं, बसून बसून होतं. असं का केलं, ते तीन पानं लिहून शोधलं. तू गेल्यानंतर माझं काही अडलं नाही, हे मला दाखवायचं होतं. कोणाला, ते सापडलं नाही. तू तर बघतही नव्हतीस.

हे झालं माझं. पण तू यातून सुटत नाहीस. दोन वर्षं तुला रोज दिसत होतं की माझं पान तुझ्याशिवाय त्या इमारतीत कोणाला वाचता येत नाही. ‘ताई, इंग्रजी आकडे घाला’, एवढं तोंडाने म्हणायला काय झालं होतं? त्याऐवजी तू गुपचूप पेन्सिल चालवत राहिलीस, आणि माझ्या फाईलला तुझी गरज पडत राहील अशी व्यवस्था केलीस. हा उपकार नव्हे. याला काय म्हणतात ते मी लिहीत नाही.

तक्रार मी मागे घेते आहे. फॉर्मवर ‘गैरसमजातून केलेली’ असं कारण घातलं आहे. दोघींच्या सह्या लागतात. माझी केली आहे. तुझी करून हुसेनमियाँकडे दे.

शर्मिला


बुरैदा, गुरुवार २४ जुलै २०२५

सफूरा,

फॉर्म सही न होता परत आला. निरोप मात्र या वेळी लांब होता. हुसेनमियाँनी तो पाठ करून आणला होता आणि ते तो बाहेर उभे राहून, आमच्या बसच्या दारातून बोलले, आत आले नाहीत.

“बोलली, गैरसमज चहात साखर कमी पडली तर होतो. ताईंनी मला कागदावर चोर लिवलं. मी चोर नव्हते तर तसं लिवा. तक्रार खोटी होती, असं. मग सही.”

मी म्हटलं, आणखी काही?

“बोलली, मी सांगितलं न्हवतं म्हणतात, तर म्हणावं डायरी काढा. ताईंच्या डायरीत सगळं असतं.”

डायरी काढली. तुझा अंदाज बरोबर होता. १४ मार्च २०२३, अक्षर माझं, जसं आहे तसं उतरवते:

‘आज नवी नर्स, सफूरा, दाभोळची. मराठी ऐकून इतकं बरं वाटलं की रक्तदाबही बरा आला. म्हणाली, ताई, आकडे इंग्रजीत घाला, इथे लोकांची गफलत होते. मी म्हटलं, दिवसभर मी इंग्रजीत, हिंदीत, मोडक्या अरबीत बोलते. स्वतःच्या अंगातलं पाणी तरी मला माझ्या भाषेत मोजू दे. हसली. म्हणाली, मोजा ओ, मी आहे ना.’

तर तू सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं, लिहून ठेवलं होतं आणि विसरले होते. मागच्या पत्रातला शेवटून दुसरा परिच्छेद चुकीचा आहे. माझ्या नकलेत मी तो खोडला आहे. तुझ्याकडच्या प्रतीतही खोड.

त्याबद्दल याहून जास्त काही लिहिणार नाही. लिहायला गेले तर ते क्षमा मागण्यासारखं होईल, आणि तू बदल्यात काय मागितलं आहेस ते पाहिल्यावर मला ते जमत नाही.

समितीत काय चाललंय ते ऐक. डॉक्टरांनी मला महिनाभर हिरव्या पिशवीवर ठेवलं आहे. पाणी रोज सहाशे, साडेसहाशे निघतं. मी इंग्रजीत लिहिते आणि सहर फोन करून तोंडीही विचारते. आकडे चुकीचे वाचले गेले हे त्यांनी मान्य केलं आहे. डॉक्टर म्हणाले, पोट अजून काम करतंय, सप्टेंबरपासून बसमध्ये जायला हरकत नाही. फक्त अर्ज नव्याने भरायचा. त्या अर्जात एक रकाना आहे: रुग्णाने हॉस्पिटलकडे कधी खोटं निवेदन केलं आहे का. हो किंवा नाही.

तक्रारींच्या खिडकीवर कीर्ती म्हणून नागपूरची मुलगी बसते. तिला मी दोन्ही शब्दांचं विचारलं. तिने आधी दार लावून घेतलं. “काकू, गैरसमज लिहिलं तर कुठेच काही उमटत नाही. खोटी लिहिलं तर त्या रकान्यात हो येतं. मग समिती ऐकत नाही, डॉक्टर काही का म्हणेना. तुम्ही हे मला विचारलंच नाही असं समजा.”

आमची मुलगी इरा पुण्याहून फोनवर म्हणाली, “आई, यू वेअर राँग, सो से सॉरी. व्हॉट्स द बिग डील?” तिला सॉरी आणि खोटी यातला फरक समजावून सांगता सांगता फोनची वेळ संपली.

चैतन्य म्हणाला, “प्रत्येक काट्याला सूट असते. साठ टनांच्या काट्याला वीस किलो इकडे तिकडे झालं तरी मी पास करतो. शब्दालाही तेवढी असेल. गैरसमज लिही आणि चल.” त्याला मी बसमध्ये हवी आहे. मलाही मी बसमध्ये हवी आहे. जौफमधल्या सकाकाच्या वाटेवर एका पेट्रोल पंपावर एक येमेनी माणूस आहे. आमची बस लांबून दिसली की तो विजेची वायर बाहेर काढून ठेवतो, कारण पलंगाखाली तीस खोकी औषध आहे आणि त्याला गारवा लागतो, हे त्याला माहीत आहे. आम्हाला लागतो की नाही हे तो विचारत नाही. अशी माणसं मला पंचवीस ठिकाणी आहेत. बुरैदात एका खोलीत मला कोण आहे?

तेव्हा मी शब्दाचा नीट विचार केला. खोटं म्हणजे माहीत असून सांगितलेलं. तक्रार केली तेव्हा मी ती खरी मानत होते. या हिशेबाने ‘गैरसमज’ बरोबर ठरतो. चार दिवस मी या हिशेबावर समाधानी होते. मग आठवलं की जानेवारीत मी तुझे पेन्सिलचे आकडे वाचलेच नव्हते. तू माझ्या पानावर लिहिलं आहेस, एवढंच बघितलं. एक मिनिट थांबून वाचलं असतं तर माझ्या साडेसातशेशेजारी तुझे इंग्रजीतले साडेसातशेच दिसले असते. तरी मी लिहून दिलं, ‘आकडे बदलले आहेत हे मी स्वतः पाहिलं.’ पाहिलं नव्हतं. न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिणं, याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

पण तुझ्याबद्दलही मला एक गोष्ट नक्की करून हवी आहे. त्या हॉस्पिटलात तू माझ्याकडे येण्याआधीपासून, एकूण सहा वर्षं होतीस. असे अर्ज तूच भरायचीस. तो रकाना तुला माहीत आहे. तू जो शब्द मागते आहेस त्याने माझी बस जाईल, हे तुला माहीत आहे का? हो की नाही, एवढंच सांग. हुसेनमियाँना लांबलचक निरोप पाठ करायला लावू नकोस. त्यांचं वय झालं आहे.

शर्मिला


बुरैदा, शनिवार ६ सप्टेंबर २०२५

सफूरा,

“माहीत आहे.” हुसेनमियाँनी हे दोनच शब्द सांगितले, आणि सांगताना ते माझ्याकडे न बघता चपलेकडे बघत होते. मी त्यांना म्हटलं, चाचा, तुम्ही कशाला संकोचता, तुम्ही नुसते आणणारे. ते म्हणाले, “आणणाऱ्याला पण वजन लागतं, बाई.”

आता मी तुझ्यापासून ठेवलेली गोष्ट सांगते. तुझं उत्तर आलं त्याच्या आदल्या दिवशीच मी ‘खोटी’ लिहून, सही करून कीर्तीच्या खिडकीत दिलं होतं. तिने कागद हातात घेतला आणि दोनदा विचारलं, काकू, नक्की? तुझ्या उत्तराची वाट पाहिली असती तर तो शब्द तुझ्या उत्तरावर अवलंबून राहिला असता, आणि ‘माहीत आहे’ ऐकल्यावर मी तो कधीच लिहिला नसता. तरीही तुला विचारलं, कारण तू कोण आहेस ते मला बघायचं होतं. बघितलं. निदान खोटं बोलली नाहीस.

समितीत डॉक्टर माझ्या बाजूने बोलले. सहरही बोलली, तिला बोलावलं नव्हतं तरी. अध्यक्षांनी रकाना दाखवला आणि पुढचा कागद घेतला. घरचं डायलिसिस एक वर्ष बंद, मग पुनर्विचार. आता रविवार, मंगळवार, गुरुवार, दहा ते दोन. हाताची नस तयार होईपर्यंत मानेत नळी आहे. खोली बाजाराच्या मागे आहे, पहिल्या मजल्यावर. हंगाम आहे, पहाटेपासून खजुराचे टेम्पो येतात आणि सगळा माल खालीच ओरडून विकला जातो. दोन आठवडे चैतन्यने मुद्दाम इथल्याच काट्यांची कामं घेतली. आता इथली कामं संपली.

तुझा निर्दोष असल्याचा दाखला २८ ऑगस्टला निघाला. तक्रार करणारी म्हणून एक प्रत मलाही आली. आता जेद्दाचे लोक तुला विभागाची मुख्य करतील, असं हुसेनमियाँ सांगत होते. तू कामात चांगली आहेस. हे मी कोणीही विचारलं तर सांगेन, कारण ते खरं आहे, तुझ्या माझ्यात काय आहे याचा त्याच्याशी संबंध नाही.

हे सगळं तुझ्यासाठी केलं, असं मनात आणू नकोस. न्याय म्हणून केलं का, तेही मला खात्रीने सांगता येत नाही. कदाचित डायरीत ‘गैरसमज’ लिहिण्याची मला लाज वाटली असेल, एवढंच. तसं असेल तर एका शब्दाच्या लाजेपायी मी चैतन्यला एकटं पाडलं. हा हिशेब मी रोज मांडते आणि रोज वेगळं उत्तर येतं.

तू एक गोष्ट करू शकली असतीस. ‘गैरसमज’वर सही केली असतीस तर तुझा दाखला थोडा मळका निघाला असता, तुझी बढती एखादं वर्ष लांबली असती, आणि मी आज सकाकाच्या रस्त्यावर असते. तू ते केलं नाहीस. ते तुझं कर्तव्य होतं असं मी म्हणत नाही. तुला तसं करता आलं असतं, इतकंच म्हणते. तुझ्या जागी मी असते तर केलं असतं का? नसतं. म्हणूनच तुझा इतका राग येतो.

हुसेनमियाँना मी सांगितलं आहे की याचं उत्तर आणू नका.

आज सकाळी चैतन्य निघाला. खाली जाऊन बसला, पुन्हा वर आला, गॅसचं बटण बघितलं, पुन्हा खाली गेला. दुपारी साडेबाराला त्याचा फोन आला. इतकी वर्षं बाराला माझी दुसरी पिशवी असायची. बारा वाजले की तो सावली बघून बस उभी करायचा, वाऱ्याकडे पाठ करून, म्हणजे धूळ आत येत नाही. मग सगळ्या खिडक्या लावायच्या, एसी बंद, मी मुखवटा लावून हात धुवायचे आणि तो खाली उतरून अर्धा तास उभा राहायचा, दार कोणी उघडू नये म्हणून. आज बाराला त्याने एका पुलाखाली बस लावली, वाऱ्याकडे पाठ केली, खिडक्या लावल्या, खाली उतरला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. वीस मिनिटं. मग त्याच्या लक्षात आलं.

फोनवर तो हे सांगून हसला. मग म्हणाला, “आता निघतो.” फोन चालूच होता, पण गाडी सुरू झाल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

हे मी तुला मुद्दाम लिहिते आहे. तुला त्रास व्हावा म्हणून.

शर्मिला